व्हॅक्यूमची नळी आणि बरणीतले वाल

बायको गेल्यानंतर आठव्या दिवशी मी कामावर हजर झालो. सात दिवस जमिनीवर बसायचं आणि मग उठून आपल्या कामाला लागायचं, असा आमच्या यहुदी लोकांचा नेम आहे. मी उठलो. डबा भरून देणारं कोणी नव्हतं, म्हणून पिशवीत पाव आणि दोन काकड्या टाकल्या, आणि सात वाजायच्या आत इस्रायलातल्या रामला गावी, कारखान्यांच्या भागातल्या आमच्या गॅरेजात जाऊन उभा राहिलो. मालक मूळचा बगदादचा. त्यानं माझी वाढलेली दाढी पाहिली, खांद्यावर हात ठेवला आणि अजून काही दिवस घरी राहिलास तरी चालेल म्हणाला. घरी बसून काय करू, असं मी विचारलं. त्यानं मला एका टेंपोचा क्लच उतरवायला दिला.

खरं सांगायचं तर मला काहीच होत नव्हतं. लोकांना वाटायचं, हा दुःख गिळून बसलाय. गिळायला आधी तोंडात काहीतरी असावं लागतं. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत सुई मारतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. हॉस्पिटलात तिनं शेवटचा श्वास घेतला तेव्हा खाली उभ्या असलेल्या बसचा सायलेन्सर फुटलाय, हे मी ऐकत होतो. कबरस्तानात कद्दीशची प्रार्थना म्हटली, तीत एक शब्द चुकला नाही. सात दिवस शेजारीपाजारी जेवण घेऊन येत राहिले आणि मी येईल त्याला खुर्ची देत राहिलो. मला स्वतःचाच थोडा रागही येत होता, पण तोसुद्धा लांबून, दुसऱ्या कोणाचा यावा तसा.

हे माझ्या मुलीला सहन झालं नाही. एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. लष्करात होती, बीरशेबाजवळच्या एका छावणीत टेलिफोन एक्स्चेंजवर. आईसाठी ती सात दिवस रडली आणि आठव्या दिवशी सकाळी मला बूट घालताना पाहून तिचं रडणं एकदम थांबलं. लहानपणापासून आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो आणि ती उत्तर हिब्रूत द्यायची. हिब्रूत बाप म्हणजे अबा, आई म्हणजे इमा, आणि अहो-जाहो नसतंच, बापालाही अरे-तुरे.

"तुला काहीच वाटत नाही, अबा," ती म्हणाली. "इमा गेली, आणि तू कामाला निघालास."

मी म्हटलं, बस चुकेल. खरोखर एवढंच म्हटलं.

पुढच्या आठवड्यात तिनं मावशीच्या हाती निरोप पाठवला. मावशी, म्हणजे माझी मेहुणी, ओफाकिमला राहायची. निरोप असा की तिसाव्या दिवसाची प्रार्थना कबरस्तानात झाली की ती तिथूनच मावशीबरोबर ओफाकिमला जाणार. कपडे-पुस्तकं घेऊन जाणार, आणि यापुढे सुटीला तिकडेच उतरणार. रामल्याला नाही. मेहुणी निरोप सांगून उठली, पदर खांद्यावर घेतला आणि दारात थांबली. "तिला येकदा रहा म्हना, भावजी," ती म्हणाली. "येकदाच. तेवढ्यासाठीच पोर अडून बसलीय. तुमाला काय जड हाय?"

काय जड होतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मुलगी जाऊ नये हे मला कळत होतं. ती गेली तर त्या घरात मी आणि फ्रिजचा आवाज एवढंच उरेल, हेही कळत होतं. पण ते कळणं डोक्यातच राहायचं, तोंडापर्यंत उतरायचं नाही. तिसावा दिवस रविवारी येत होता. तोवर मला एकच काम होतं, राहा म्हणायचं, आणि मी टेंपोचे क्लच बदलत होतो.

तिसाव्याआधीच्या गुरुवारी गॅरेजात एक गाडी आली. जुलै महिना होता, आणि गॅरेजचा पत्रा इतका तापायचा की दुपारी पाना उचलायला फडकं लागायचं. गाडी इंग्लिश, स्पोर्ट्‌स कार, दोन सीटांची, कमरेएवढी बुटकी, कापडी टप मागे दुमडायचा आणि अंग फायबरचं. रामल्यात अशी गाडी म्हणजे नवरीच. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडची माणसं कामं टाकून बघायला आली. तिचे हेडलाइट बॉनेटपुढच्या नाकाडात मिटून बसलेले असायचे आणि बटण ओढलं की डोळे उघडल्यासारखे वर यायचे. रेहोवोतचा एक वकील तिचा मालक. त्याच्या तक्रारी तीन होत्या. इंजिन गरम झालं की उभ्या गाडीत एकसारखं चढ-उतार करतं. हेडलाइट वर येतात आणि मग आपोआप खाली मिटायला लागतात, आधी डावा, मग उजवा. आणि ब्रेक मधूनच जड लागतो. तेल अविवच्या दोन गॅरेजांनी कार्बुरेटर उघडून बंद केला होता. आमच्या मालकानं तक्रारी ऐकल्या आणि तिथूनच मला हाक मारली. व्हॅक्यूमचं दिसतंय, तुझं काम आहे, म्हणाला.

माझं काम, कारण इस्रायलला येण्याआधी अठरा वर्षं मी परळच्या रेल्वे वर्कशॉपात व्हॅक्यूम ब्रेकच्या खात्यात फिटर होतो. आमच्या बेने इस्राएल लोकांची निम्मी पुरुषमंडळी तेव्हा रेल्वेत नाहीतर गोदीत असायची. मुंबईहून आल्यावर सरकारनं आम्हाला येरुहामला नेऊन सोडलं. तिथे वाळवंटात एका कारखान्यात मी चार वर्षं लाकडी पेट्या ठोकल्या, आणि परळचं कसब कोणाला सांगायची सोय नव्हती. रामल्याला या गॅरेजात लागल्यावर पहिल्यांदा कोणीतरी मला व्हॅक्यूमचा माणूस म्हणालं, आणि ते मला फार गोड लागलं होतं. हे सांगायला हवं, कारण पुढची चूक त्या गोडीतूनच झाली.

रेल्वेचा ब्रेक कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नळ जातो, आणि इंजिन त्यातली हवा ओढून घेतं. घड्याळावर काटा एकवीस इंचांवर आला की ब्रेक सुटलेले असतात आणि गाडी चालू शकते. नळ कुठे फुटला, कोणी साखळी ओढली, डबा तुटून मागे राहिला, काहीही झालं की हवा आत घुसते आणि सगळ्या चाकांना ब्रेक आपोआप लागतात. कोणी काही करावं लागत नाही. लाइन तुटली की गाडी थांबते. अठरा वर्षं मी हे इतक्या वेळा पाहिलं होतं, की ते मला सूर्य उगवण्याइतकं पक्कं झालं होतं.

गळती शोधायची आमची रीत दोघांची असायची. एकजण काट्याजवळ उभा राहायचा. दुसरा दीड हात लांब रबरी नळीचं एक टोक कानात धरून दुसरं टोक जोडाजोडांवरून फिरवायचा. गळती असली की बारीक शिट्टी ऐकू यायची. माझ्याकडे ती नळी अजून होती, परळहून आणलेली. पण शेजारच्या खात्यात आयुष्यभर रिव्हेट ठोकत होते, त्यामुळे माझे कान बारीक आवाजाला कधीच गेले होते. ही गोष्ट फक्त बायकोला माहीत होती. गॅरेजात मी नळी कानाला लावायचो, ऐकल्यासारखा चेहरा करायचो, आणि खरं काम ओल्या बोटानं करायचो. हवा आत ओढली जात असेल तिथे ओलं बोट गार पडतं.

गुरुवारी दुपारी मी त्या गाडीवर वाकलो. बॉनेट उचलून भिंतीला टेकवलं. इंजिनातून एक जाड रबरी नळी निघून ब्रेकच्या डब्याकडे जात होती, आणि तिच्यातून फुटलेल्या बारीक नळ्या हेडलाइटांकडे. मी ओलं बोट फिरवलं. डाव्या हेडलाइटच्या नळीला टोकाशी तडा होता. ती कापून नवी चढवली. इंजिन सुरू केलं, हेडलाइट वर आले आणि वरच राहिले. इंजिनही गुमान चाललं होतं. ते थंड होतं, म्हणून. शेडमध्ये उभ्या असलेल्या थंड डब्यांवरच आम्ही जन्मभर तपासणी केली होती, त्यामुळे इंजिन तापवून बघावं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मालकानं विचारलं, आणि तो जड ब्रेक? तोही व्हॅक्यूमचाच असेल का?

इथे मी चुकलो. आमच्याकडे येणाऱ्या टेंपोंना आणि घरगुती गाड्यांना व्हॅक्यूमचा ब्रेक नसायचाच, पायाच्या जोरावरच काम चालायचं. या गाडीला होता. मी क्षणभरही विचार केला नाही. व्हॅक्यूम गळत असता तर ब्रेक धरून बसला असता, गाडी हललीच नसती, असं मी त्याला सांगितलं. जड लागतोय म्हणजे व्हॅक्यूम ठीक आहे, पॅड झिजले असतील. परळच्या अठरा वर्षांचा सगळा तोरा मी त्या उत्तरात घातला होता. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं, सीटवर पडलं होतं. मला इंग्रजी वाचता येत होतं. मी ते उघडलं नाही. पॅड उघडले, ते चांगले होते, तरी साफ करून परत बसवले. मालक थोडा घुटमळला, पण माझ्याशी वाद घालायचे ते दिवस नव्हते.

शुक्रवारी गॅरेज अर्धा दिवस. अकराच्या सुमाराला मालक म्हणाला, एक चक्कर मारून ये, वकील बारा वाजता येणार आहे. माझी मुलगी त्याच सुमाराला बीरशेबाच्या बसनं उतरणार होती, हे त्याला ठाऊक होतं. बस स्टँडवरून ये, असंही तो म्हणाला, आणि उगाचच फडक्यानं सीट पुसली. भला माणूस होता. मी हत्यारांची छोटी पिशवी सीटमागे टाकली, कारण ट्रायलला पिशवीशिवाय जायचं नाही, ही परळची सवय, आणि निघालो.

मुलगी खाकी कपड्यांत, खांद्यावर बॅग, उन्हात उभी होती. तिसाव्यासाठी तिला चार दिवसांची रजा मिळाली होती. एरवी अशी गाडी बघून ती हसली असती. तिनं बॅग मागे टाकली आणि शेजारी बसली. जमिनीलगतच्या त्या सीटवर आम्ही दोघं टबात बसल्यासारखे बसलो होतो. दोन वळणं झाल्यावर ती समोर बघत बोलायला लागली. रविवारी कबरस्तानातून थेट जाईन, म्हणाली. कपडे आज रात्री भरून ठेवीन. आणि मग विचारलं, इमाच्या बरणीतले वाल मी घेऊन जाऊ का?

ते वाल तिच्या आईनं मुंबईहून कोणाकडून तरी मागवले होते आणि बिरड्याच्या रोजासाठी राखून ठेवले होते. अब महिन्यातल्या उपासाला आमच्या लोकांत बिरड्याचा रोजा म्हणतात, कारण तो वालाच्या बिरड्यानं सोडायचा असतो. उपास तीन आठवड्यांवर होता. बिरडं म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम. वाल एक रात्र भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. दर वर्षी मायलेकी स्वयंपाकघरात बसून सोलायच्या. बायको गेल्यापासून ती बरणी फडताळात होती आणि मी तिच्याकडे रोज बघायचो, मीठ घ्यायला हात घातला की.

"ने," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्ता बघत होतो. एवढा सोपा प्रश्न होता आणि एवढ्यात मला काहीतरी दुसरं म्हणता आलं असतं. मी 'ने' म्हटलं.

मी आतापर्यंत दोनदा ब्रेक मारला होता, दोन्ही वेळा छान लागला होता. पण इंजिन आता चांगलं तापलं होतं आणि गिअर काढला की ते चढ-उतार करत होतं. मी ते ऐकलं आणि मनावर घेतलं नाही. पुढे रस्ता किंचित उतरून रेल्वेच्या फाटकाकडे जातो. घंटा सुरू झाली, लाल दिवे लागले, लाल-पांढरे दांडे खाली यायला लागले. मी ब्रेकवर पाय ठेवला. पाय आत गेलाच नाही. दगडावर पाय दिल्यासारखा तो वर राहिला आणि गाडी उतारावरून चालत राहिली.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. मी वाट पाहिली. पाय तसाच ठेवून मी वाट पाहिली की आता व्हॅक्यूम गेला आहे, तर चाकं आपोआप धरतील. अठरा वर्षं धरत आलेली. अर्धा सेकंद असेल. दांडे मोठे होत समोर आले, आणि चाकांनी काही धरलं नाही.

मग मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. इस्रायलात स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून हँडब्रेक माझ्या उजव्या हाताला होता, आणि उजवा हात तिकडेच जायला हवा होता. तो गेला नाही. तो आपसूक उचलला गेला आणि मुलीच्या छातीवर आडवा बसला, ती लहान असताना बसमध्ये बसायचा तसा. हँडब्रेक तिनं ओढला. दोन्ही हातांनी ओढला. गाडी तिरकी झाली, घासत गेली आणि दांड्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

आगगाडी आली. तेल अविवकडे जाणारी, पाच डब्यांची. मी सवयीनं डबे मोजले आणि दोन डब्यांमधल्या नळ्या पाहिल्या. शेवटचा डबा गेला, दांडे वर उठले, मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. माझा हात अजून तिच्या छातीवर होता आणि त्याच्याखाली तिचं काळीज धडधडताना मला लागत होतं. मला वाटलं ते तिचंच आहे. मग कळलं की माझा हातच थरथरतोय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं होतं, आणि ते दुःख नव्हतं, भीती होती. मी भयंकर घाबरलो होतो.

आम्ही गाडी ढकलत रस्त्याच्या कडेला, एका निलगिरीखाली घेतली. मुलगी मातीत बसली. मग तिनं विचारलं, तू ब्रेक का नाही मारलास? पाय ठेवून नुसता बसलास. मी बघितलं.

मी तिला रेल्वेचं सांगितलं. नळ, एकवीस इंच, लाइन तुटली की गाडी थांबते. तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. इथे उलटं आहे, मी म्हटलं. या गाडीत व्हॅक्यूम पायाला मदत करतो. लाइन तुटली की मदत तुटते, आणि गाडी चालतच राहते. मला हे समजायला हवं होतं.

"मी वाट बघत राह्यलो, बाय," मी म्हटलं. "आपोआप थांबेल म्हनून. तुझी आई गेली तवापण तसाच बसलो. मला वाटलं, आता सगलं थांबेल. कायच नाय थांबलं. बस आली, मी बसमदी बसलो."

तिनं बुटाची नाडी सोडून परत बांधली. मग उठून तिनं कपड्यांची माती झटकली आणि म्हणाली, बॉनेट उघड.

मी इंजिन परत सुरू केलं. गरम इंजिन खोकत होतं, हेडलाइट ओढून बघितले तर दोन्ही हळूहळू मिटत होते. मी बोट थुंकीनं ओलं करून फिरवायला लागलो, पण बोट इतकं थरथरत होतं की गार-गरम काही कळेना. शेवटी मी पिशवीतून ती रबरी नळी काढली, तिच्यापुढे धरली आणि सांगून टाकलं की मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, बऱ्याच वर्षांपासून.

"मला माहितीये," ती म्हणाली. "इमानं सांगितलं होतं."

तिनं नळीचं टोक कानात धरलं, दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि डोळे मिटले. दिवसभर हेडफोन लावून बसणारी मुलगी, तिला शिकवावं लागलं नाही. मी तिच्या मनगटाला धरून दुसरं टोक जोडाजोडांवरून नेलं. पंखा कुठे आहे ते दाखवून हात त्यापासून लांब ठेवला. हेडलाइटच्या नळ्या झाल्या, तिनं मान हलवली, नाही. ब्रेकच्या डब्याचा जोड झाला, नाही. मग जाड नळीवरून मागे येताना, जिथे ती एका लोखंडी पट्टीखालून वळून इंजिनाकडे जाते, तिथे तिनं डोळे उघडले.

"इथे," ती म्हणाली. "शिट्टी. केवढी मोठी आहे."

मी तळहात नळीखाली घातला. खालच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नव्हता, पट्टीवर घासून नळीला नखाएवढी चीर पडली होती. थंड असताना रबर घट्ट बसायचं आणि चीर मिटायची. तापून नरम झालं आणि इंजिन हललं की उघडायची. मी तिचा अंगठा धरून त्या चिरेवर ठेवला. भाजेल, म्हटलं. भाजू दे, म्हणाली, आणि दाबला. इंजिनाचा खोकला जागच्या जागी थांबला आणि ते एका सुरात चालायला लागलं. तिनं अंगठा उचलला, परत खोकला. परत दाबला, परत गप्प. तिनं हे चार-पाच वेळा केलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ती सोडत नव्हती.

चिरेवर मी काळी टेप घट्ट गुंडाळली आणि हँडब्रेकवर हात ठेवून पहिल्या गिअरमध्ये आम्ही गॅरेजात परत आलो. वकील आला होता. मी मालकाला सगळ्यांसमोर सांगितलं की काल मी चुकीचं बोललो, ब्रेक व्हॅक्यूममुळेच जड होता, आणि फाटकाशी आम्ही थोडक्यात वाचलो. चीर हिनं शोधली, हेही सांगितलं. वकिलाचा चेहरा उतरला. मालकानं गाडीचं पुस्तक माझ्या हातात दिलं. जाड नळी नवी चढवली, इंजिन अर्धा तास तापवलं, पुस्तक उघडून प्रत्येक जोड चित्राशी ताडून पाहिला, आणि मग दहा वेळा ब्रेक मारून बघितला. तोवर मुलगी पाण्याच्या नळाखाली अंगठा धरून उभी होती.

घरी चालत गेलो. दुकानं बंद होत होती, सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा शनिवारचा सुटीचा दिवस, सुरू होतो, त्याची घाई सगळीकडे. तिची बॅग मी घेतली होती. जिन्यात, पहिल्या मजल्यावर, मी थांबलो. ती दोन पायऱ्या वर होती.

"रहा," मी म्हटलं. "मावशीकडे नको जाऊस. रहा."

हा शब्द उच्चारायला मला एक महिना लागला होता. तिनं वळून पाहिलं, किल्ली मागितली आणि वर गेली. मला वाटलं, उशीर झाला. बरोबरच आहे, मी म्हटलं मनात, तिनं का ऐकावं.

मी आंघोळीला गेलो. ग्रीस निघायला वेळ लागतो. बाहेर आलो तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं आणि तिनं आईच्या जागी शब्बाथच्या वातींचे पेले मांडून ठेवले होते, तेल घालून. मिठाला हात घालायला म्हणून मी फडताळ उघडलं. वालाची बरणी जागेवर नव्हती. तिच्या बॅगेत असणार, असं मला वाटलं. मग दिसली, मोरीत, धुऊन पालथी घातलेली. ओट्यावर मोठं पातेलं होतं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं, आणि तळाशी सगळे वाल होते, एकूण एक.

मी पातेल्याकडे बघत उभा राहिलो. आज रात्रभर भिजणार. उद्या शब्बाथ सुटल्यावर फडक्यात बांधायचे. रविवारी कबरस्तानात जायचं, तेव्हा ते मोड काढत असतील. सोमवारच्या आधी सोलायला येत नाहीत.

रविवारी मेहुणी कबरस्तानातून एकटीच ओफाकिमच्या बसमध्ये बसली. मुलगी तिला सोडायला बसपर्यंत गेली आणि परत येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. सोमवारी सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो, मध्ये कोमट पाण्याचं पातेलं, दोघांपुढे दोन ताटल्या. मला सोलता येत नव्हते. माझ्या बोटांत वाल फुटत होते. तिच्या अंगठ्याला पट्टी होती तरी तिचे सालातून सरळ बाहेर पडत होते, आईचे पडायचे तसे. पहिली मूठही संपली नव्हती, तेव्हा मला रडू आलं. एकतीस दिवसांचं आलं, आवाज करून आलं, आणि मी वाल हातात धरून रडत बसलो. ती थांबली नाही. तिनं माझ्या ताटलीतले न सोललेले वाल आपल्या ताटलीत ओढून घेतले आणि सोलत राहिली.